पाळवणकर बाळू
(१८७६–१९५५). डावखुरे मंदगती फिरकी गोलंदाज व भारतातील पहिले नामवंत दलित क्रिकेटपटू. जन्म धारवाडला, चर्मकार कुटुंबात. पुण्यात युरोपियनांच्या क्लबात दरमहा ४ रुपयांवर खेळपट्टीची निगा राखत आणि जे. जी. ग्रेग यांना सरावासाठी गोलंदाजी करत त्यांची फिरकी घडली. पुण्याच्या हिंदू संघात ते खेळत, पण दलित म्हणून त्यांना चहा मात्र बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळे. पुढे मुंबईत हिंदू संघाचे प्रमुख गोलंदाज (पहा : चौरंगी सामने). १९११ च्या भारतीय संघाच्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी, सरासरी १८.८४, दुबळ्या संघात ही कामगिरी विशेषच. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते १९२३ मध्ये धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत मुंबईत आंबेडकरांकडून पराभूत (पहा : आंबेडकर, भीमराव रामजी).