लाल बावट्याचं पनवेल

पनवेलची नगरपालिका 1852ची, राज्यातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. बोरघाट उतरून आलेला माल इथल्या बंदरातून मुंबईला जायचा, त्यामुळे पेठ व्यापाऱ्यांची होती. तालुक्याचं राजकारण मात्र पेठेत ठरलं नाही. ते खाडीलगतच्या भातखाचरांत, आगरी कुळांच्या घरांत ठरलं.

त्यासाठी अलिबाग तालुक्यातल्या चरीपर्यंत मागे जावं लागतं. 1933मध्ये नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली तिथल्या कुळांनी खोतांची जमीन कसणंच बंद केलं. नांगर नाही, पेरणी नाही, खंड नाही. संप 1939पर्यंत चालला. सहा वर्षं शेत पडीक ठेवून कुटुंब जगवणं म्हणजे काय, हे भातावर जगणाऱ्यालाच कळेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या कुळांची बाजू घेतली आणि 1937मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. स्वातंत्र्यानंतर लाल बावट्याचा शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यात आला, तेव्हा त्याला रान आयतं नांगरलेलं मिळालं.

1957च्या संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत उरणजवळच्या जासईचे वकील दि. बा. पाटील पनवेलमधून विधानसभेवर गेले. पाच वेळा ते आमदार झाले आणि विधानसभेत विरोधी पक्षनेतेही होते. राज्यात काँग्रेसची सत्ता भक्कम असताना हा तालुका विरोधकाला निवडून देत राहिला. कामं अडतील ही भीती इथल्या मतदाराला नसेल असं नाही. पण आपला माणूस सभागृहात आपल्या भाषेत भांडतो, याचं मोल त्याने जास्त मानलं.

मग सिडको आली. 1970मध्ये स्थापन झालेल्या या महामंडळाच्या नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. कुळकायद्याने ज्यांच्या नावावर नुकता सातबारा चढला होता, त्यांच्याच पुढच्या पिढीला संपादनाच्या नोटिसा आल्या. 16 आणि 17 जानेवारी 1984ला मोबदल्यासाठीच्या आंदोलनात उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना या लढ्यातून पुढे आली. आजही गावांत 'साडेबारा टक्के' एवढंच म्हटलं, तरी पुढचं सांगावं लागत नाही.

त्याच वर्षाअखेरीस लोकसभेची निवडणूक झाली. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या सहानुभूतीत काँग्रेसने 400चा आकडा ओलांडला, पण कुलाबा मतदारसंघाने निवडलं ते शेकापच्या दि. बां.ना! इथलं मत दिल्लीकडे बघून पडत नव्हतं, याचा याहून ठळक पुरावा दुसरा नाही.

पुढे विवेक पाटलांनी 1995, 1999 आणि 2004 अशा सलग तीन निवडणुकांत शेकापचा गड राखला. पण तोवर खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल इथे इमारती उठत होत्या. घाटावरून, मराठवाड्यातून, मुंबईच्या चाळींतून आलेल्या कुटुंबांना चरी ठाऊक नव्हतं आणि जासईही. त्यांचा प्रश्न नळाला पाणी किती वेळ येतं, हा होता. 2008च्या फेररचनेत उरण हा वेगळा मतदारसंघ झाला आणि पनवेल अधिकच शहरी उरलं.

2009मध्ये काँग्रेसचे प्रशांत ठाकूर निवडून आले. त्यांचे वडील रामशेठ ठाकूर 1998 आणि 1999मध्ये शेकापचे खासदार होते. खारघर टोलच्या वादात प्रशांत ठाकुरांनी काँग्रेस सोडली आणि 2014मध्ये ते भाजपकडून जिंकले. एका घराण्याच्या पक्षांतराची ही गोष्ट वाटते, पण तेवढ्यावर थांबणं अन्यायाचं आहे. मतदारच बदलला होता. 2016मध्ये महापालिका झाली. पुढच्या वर्षी तिच्या पहिल्या निवडणुकीत 78पैकी 51 जागा भाजपला आणि 23 शेकापला मिळाल्या. जुन्या पक्षाचे हाल संपले नव्हते. 2021मध्ये कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने रद्द केला. विवेक पाटील तिचे माजी अध्यक्ष, त्यामुळे झळ पक्षालाही लागली.

त्याच 2021च्या जूनमध्ये, दि. बां.च्या स्मृतिदिनी, नवी मुंबईच्या नव्या विमानतळाला त्यांचं नाव द्या म्हणत हजारो भूमिपुत्र बेलापूरला सिडकोवर चालून गेले. त्यांत कमळवालेही होते आणि लाल बावटेवालेही. स्वतः दि. बा. 1999मध्ये शिवसेनेत गेले होते, पण गावांनी ते कधी त्यांच्या विरोधात धरलं नाही.

2024च्या विधानसभेत ठाकूर चौथ्यांदा जिंकले, शेकापचे बाळाराम पाटील सुमारे 51 हजारांनी मागे राहिले. तिसऱ्या क्रमांकावर ठाकरेंच्या शिवसेनेच्या लीना गरड होत्या. खारघरमध्ये महापालिकेच्या मालमत्ता कराविरुद्ध लढून पुढे आलेल्या. त्यांना चाळीस हजारांवर मतं पडली. साडेबारा टक्क्यांच्या तालुक्यात आता घरपट्टीच्या बिलावरही उमेदवार उभा राहतो.