बालवाचक कोठून आला?

मराठी बालवाङ्मयाच्या इतिहासात लेखकांची आणि ग्रंथांची नोंद पुष्कळ झाली आहे. ते ग्रंथ हाती घेणारे मूल कोठून आले, याचा विचार त्या मानाने कमी झाला. कोल्हापुरात बसून हा इतिहास वाचताना मात्र तो प्रश्न टाळता येत नाही.

आरंभ अनुवादाने झाला. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचा 'बाळमित्र' 1828 साली मुंबईत छापला गेला. मूळ लेखक बर्क्विन हा फ्रेंच. छत्र्यांनी त्याचे पुस्तक इंग्रजीवरून मराठीत आणले. नव्या शाळांना पुस्तके हवी होती, म्हणून ते निघाले. मराठीतला पहिला बालवाचक असा विद्यार्थी म्हणूनच अवतरला आणि बोधाचे ओझे तेव्हापासूनच त्याच्या पाठीवर आले. पुढे विनायक कोंडदेव ओक यांनी 1881 मध्ये 'बालबोध' मासिक काढले आणि 1914 पर्यंत, बहुतांशी स्वतःच लिहून, चालवले. चरित्र, कविता, निबंध, शास्त्रीय माहिती असा त्याचा साचा होता. 1906 साली वासुदेव गोविंद आपटे यांनी पुण्यात 'आनंद' सुरू केले, तेव्हा मुलांच्या वाचनाचा हेतू मासिकाच्या नावातच उमटला. परंतु मासिके वर्गणीवर जगत. त्यामुळे त्यांचा वाचक प्रायः वर्गणी परवडणाऱ्या, शिकलेल्या घरांतला राहिला.

1917 साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा 1 रुपया दंड ठेवला. शेतकऱ्याचे, कारागिराचे मूल आता अक्षर ओळखू लागणार होते. त्याच्या घरातली भाषा, त्याचे शेत, त्याची गुरे यांना मुलांच्या पुस्तकांत मात्र फारशी जागा नव्हती. कायद्याने वाचक घडवता येतो. त्याच्यासाठीचे पुस्तक कोणी तरी लिहावे लागते.

हे अंतर किती मोठे होते, याची साक्ष आनंद यादवांच्या 'झोंबी'त मिळते. यादवांचा जन्म कोल्हापूरजवळच्या कागलचा, 1935 सालचा. शाळेसाठी बापाशी, दारिद्र्याशी झगडणाऱ्या मुलाची ही आत्मकथनात्मक कादंबरी 1987 मध्ये आली आणि 1990 साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मूल तिच्या केंद्रस्थानी आहे, पण ती लिहिली गेली प्रौढांसाठी. त्या मुलाला त्याच्या वयात वाचता येईल असे, त्याच्याच जगातले पुस्तक तेव्हा त्याच्या हाती नव्हते.

याच कोल्हापुरात लीला पाटील यांनी 1985 मध्ये 'सृजन आनंद विद्यालय' सुरू केले आणि मुलांचा अनुभव व परिसर यांना शिक्षणात मानाचे स्थान दिले. मुलांसाठी लेखनाला आरंभ करणाऱ्याने या प्रयोगाकडे अवश्य पाहावे. चित्रकार, प्रकाशक, पुरस्कार यांची चौकशी मागाहून करता येते. आपल्या पुस्तकातले मूल कोणत्या घरातून येते, तिथे कोणती मराठी बोलली जाते आणि पुस्तकाची किंमत त्या घराला परवडेल काय, हे प्रश्न लेखणी उचलण्यापूर्वीचे आहेत. 1917 साली शाळेत आलेल्या मुलाचे आपण अजून देणे लागतो.