तात्या, तांतिया आणि टी. टी.

भोपाळला टी. टी. नगरात जायचे असले, की रिक्षावाल्याला एवढी दोन अक्षरे पुरतात. ती कशाची, असे मी एकदा आठवीच्या वर्गात विचारले. जवळच स्टेडियम, एक मुलगा ठामपणे म्हणाला, “सर, टेबल टेनिस!” वर्ग हसला. मला हसू आले नाही, कारण मुलगा मराठी घरातला होता.

टी. टी. म्हणजे तात्या टोपे. पण ‘तात्या’ हे तरी मूळ नाव कुठे? येवल्याच्या या पुरुषाचे नाव रामचंद्र, वडिलांचे पांडुरंग. दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयाने हे कुटुंब बिठूरला राहिले. ‘तात’ म्हणजे वडील. त्यावरून आलेले ‘तात्या’ हे आप्पा, अण्णा, नानांच्या पंक्तीतले, घरात हाक मारण्याचे नाव.

इंग्रजांच्या दप्तरात त्याचे ‘तांतिया’ झाले, आणि हिंदी मुलखातही ‘तांत्या’ रुळले. नावे सरहद्द ओलांडताना रूप पालटतातच. हिब्रूतला योहानान ग्रीकांचा इओआन्नेस झाला, जर्मनांचा हान्स, फ्रेंचांचा झाँ, स्पॅनिशांचा हुआन, रशियनांचा इव्हान, इंग्रजांचा जॉन आणि आपल्या गोव्यात जुआंव. पण तिथे लोकांनी ते नाव आपल्या लेकरांना ठेवले, म्हणून प्रत्येक रूप जिवंत राहिले. ‘तांतिया’ मात्र परक्या कानांनी ऐकून लिहिलेले. निमाडचा टंट्या भिल्ल १८८९ साली जबलपूरला फाशी गेला. इंग्रजी कागदांत तोही ‘तांतिया’च! दोन वेगळी माणसे, दोन वेगळी नावे एका स्पेलिंगात कोंबली गेली.

जून १८५८ मध्ये ग्वाल्हेर पडल्यावर तात्यांनी सुमारे दहा महिने इंग्रजी फौजांना माळवा, राजपुताना, नर्मदेपार असे फिरवले. फितुरीने ते पकडले गेले आणि १८ एप्रिल १८५९ रोजी सिप्रीला, म्हणजे आजच्या शिवपुरीला, त्यांना फाशी झाली. १९५६ साली भोपाळ राजधानी झाले. नव्या वस्तीला त्यांचे नाव मिळाले. पुढे आपणच ते दोन इंग्रजी अक्षरांवर आणून ठेवले.

हे सारे मी वर्गात सांगितले. दुसऱ्या दिवशी तोच मुलगा टेबलाजवळ येऊन म्हणाला, “सर, आमचे बाबा आजोबांना तात्याच म्हणतात.”