हिपॅटायटिस बी : लिव्हरचं नुकसान व्हायरस करतो की आपल्याच पेशी?

ना ताप, ना कावीळ, ना पोटदुखी. रक्तदानानंतरच्या किंवा गरोदरपणातल्या नेहमीच्या तपासणीत अचानक 'हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह' असा रिपोर्ट येतो. अनेकांना या आजाराचा पत्ता असाच लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे २५ कोटी ४० लाख लोकांना हा दीर्घकालीन संसर्ग होता. त्यापैकी जवळपास ३ कोटी भारतातले. इतका मोठा आजार वर्षानुवर्षं गप्प कसा राहतो? याचं उत्तर आपल्या रोगप्रतिकारक पेशींमध्ये दडलं आहे.

लिव्हरमध्ये नेमकं काय घडतं?

हिपॅटायटिस बीचा व्हायरस लिव्हरच्या पेशींमध्ये शिरून स्वतःच्या प्रती तयार करतो. पण तो या पेशींना सहसा थेट मारत नाही. ते काम करतात आपल्याच 'किलर' टी-पेशी. संसर्ग झालेली पेशी ओळखून त्या तिला नष्ट करतात. पेशी फुटली की तिच्यातलं एन्झाइम रक्तात उतरतं आणि रिपोर्टमध्ये 'एसजीपीटी' वाढलेलं दिसतं.

टी-पेशी काही रासायनिक संदेश सोडून पेशीला न मारताही व्हायरसला दाबतात. बी-पेशींनी तयार केलेल्या अँटीबॉडीज व्हायरसला नव्या पेशींमध्ये शिरू देत नाहीत.

मग व्हायरस टिकतो कसा?

संसर्ग कोणत्या वयात झाला, यावर बरंच अवलंबून असतं. प्रौढपणी संसर्ग झालेल्यांपैकी सुमारे ९५ टक्के लोक व्हायरसवर मात करतात. जन्माच्या वेळी आईकडून संसर्ग झालेल्या सुमारे ९० टक्के बाळांमध्ये मात्र तो कायमचा राहतो, कारण त्यांची रोगप्रतिकारशक्ती अजून तयार होत असते. संसर्ग ६ महिन्यांहून जास्त टिकला तर त्याला 'क्रॉनिक' म्हणतात.

वर्षानुवर्षं त्याच शत्रूशी लढून टी-पेशी थकतात. त्यांच्यावर 'पीडी-१' नावाचे ब्रेक जास्त प्रमाणात दिसू लागतात. आता त्या व्हायरस संपवूही शकत नाहीत आणि लढाई पूर्ण थांबवतही नाहीत. या अर्धवट लढाईत लिव्हरला पुन्हा पुन्हा सूज येते, व्रण साचतात. पुढे सिरॉसिस किंवा कॅन्सर होऊ शकतो.

एसजीपीटी नॉर्मल म्हणजे धोका नाही?

तसं नाही. रोगप्रतिकारक पेशी शांत असतील तर रक्तात भरपूर व्हायरस असूनही एसजीपीटी नॉर्मल येऊ शकतं. म्हणून डॉक्टर व्हायरसचं प्रमाण मोजणारी डीएनए चाचणी आणि नियमित तपासणी सांगतात. केमोथेरपी किंवा स्टेरॉइड्समुळे दबलेला व्हायरस उसळू शकतो, त्यामुळे असे उपचार सुरू होण्याआधी या संसर्गाची कल्पना डॉक्टरांना द्यायलाच हवी.

'इम्युनिटी बूस्टर'ने बरं वाटेल?

इथे प्रश्न 'इम्युनिटी कमी' असण्याचा नाही. एका विशिष्ट व्हायरसशी लढणाऱ्या पेशी थकल्या आहेत, आणि काढा किंवा पावडर घेऊन त्या ताज्यातवान्या होतात, असं सिद्ध झालेलं नाही. टेनोफोविर, एन्टेकाविर ही औषधं व्हायरसच्या प्रती बनणं रोखतात, त्यामुळे लिव्हरला सावरायला वेळ मिळतो. मात्र व्हायरसचा मूळ डीएनए पेशीच्या केंद्रकात लपून राहतो. म्हणूनच गोळ्या मनाने बंद केल्या तर आजार जोरात उलटू शकतो.

काय करायला हवं?

घरात कोणी पॉझिटिव्ह असेल तर बाकीच्यांनी चाचणी करून लस घ्यावी. एका ताटात जेवल्याने किंवा मिठी मारल्याने हा आजार पसरत नाही. पण रेझर, टूथब्रश वेगळा ठेवावा.

बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत लसीचा पहिला डोस मिळायला हवा. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ठरावीक सरकारी रुग्णालयांत चाचणी आणि औषधं मोफत मिळतात.