‘मी आली’ म्हणणारी मुलगी

माझी धाकटी बहीण एकदा शाळेतून रडतच घरी आली. निबंधात तिने ‘मी बाजारात गेली’ असे लिहिले होते. गुरुजींनी लाल शाईने ‘गेली’ खोडून ‘गेले’ केले होते. आमच्या घरात हिंदी, गल्लीत मराठी. अम्मीला वाटले, आपण मुसलमान म्हणून पोरीची मराठी कच्ची. पण शेजारच्या काकूसुद्धा ‘मी आलीच’ असेच म्हणत!

मंडळी, ही चूक नव्हे, ही विदर्भाची रीत आहे. भंडाऱ्याची बाई ‘मी आली’ म्हणते, पुण्याची ‘मी आले’ आणि कोल्हापूरची बिनदिक्कत ‘मी आलो’. मराठीचा भूतकाळ मुळात विशेषणासारखा. मुलगा आला, मुलगी आली. ‘मी आली’मध्ये स्त्रीलिंगाची तीच खूण जशीच्या तशी राहिली, पुण्याकडे ‘मी’साठी वेगळा प्रत्यय आला.

भूतकाळातला हा ‘ल’ फार जुना. श्रवणबेळगोळच्या शिलालेखात ‘करवियलें’ आहे. तेराव्या शतकातल्या ‘लीळाचरित्रा’त ‘म्हणितलें’ पानोपानी भेटते. त्याच ग्रंथात चक्रधरस्वामींचा शिष्य नीळभट भांडारेकार आहे, म्हणजे आपल्या भंडाऱ्याचा माणूस. त्या ‘म्हणितलें’चे आज कुठे ‘म्हटलं’ झाले, कुठे ‘म्हणलं’. आणि झाडीबोलीत ‘ण’ नसल्यामुळे आपल्याकडे ‘म्हनलं’.

मग एकच रूप शुद्ध कसे ठरले? दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण 1836 साली आले. पुढे पुण्याकडची बोली शाळेच्या पुस्तकांत स्थिरावली. त्या वेळी भंडारा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता, 1861 पासून मध्य प्रांतात, आणि थेट 1956 साली मुंबई राज्यात आला. प्रमाण मराठीची पंगत बसली तेव्हा आपले पान मांडलेलेच नव्हते.

इंग्रजीतही असेच आहे. सूर मारला म्हणायला इंग्लंडात ‘डाइव्ह्ड’, अमेरिकेत बरेच जण ‘डोव्ह’ म्हणतात. शब्दकोशात दोन्ही सुखाने नांदतात.

बहीण त्यानंतर वर्गात तोंड उघडीनाशी झाली. गुण गेले त्याचे काही नाही, बोलणे गेले त्याचे दुःख आहे. प्रमाण रूप शिकवावेच; परीक्षा, अर्ज, नोकरी सगळीकडे ते लागते. पण लाल शाई उचलण्याआधी एवढे सांगावे : बाळ, तुझे ‘गेली’ खोटे नाही. ते तुझ्या आजीचे आहे. कागदावर मात्र ‘गेले’ लिहितात.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)