लहरी सर्वांच्या, परवाना मुदतीचा

मोबाइल फोनची सेवा बंद पडते, तेव्हा नेमके काय संपते? मुंबईतील ‘बीपीएल मोबाइल’चा इतिहास पाहिला, तर याचे उत्तर केवळ यंत्रांत सापडत नाही.

१९९४ साली चार महानगरांसाठी प्रत्येकी दोन खाजगी कंपन्यांना मोबाइल सेवेचे परवाने मिळाले. मुंबईत एक बीपीएल आणि दुसरी ‘मॅक्स टच’ चालवणारी हचिसन मॅक्स. देशातील पहिले मोबाइल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता व दिल्ली यांच्यात झाले; त्याच वर्षी मुंबईतही सेवा सुरू झाली. गर्दीच्या वेळी मिनिटाला १६ रुपये ८० पैशांपर्यंत दर होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. ही पद्धत २००३ मध्ये संपली.

आता थोडे गणित करू. ही सेवा ९०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओलहरींवर चाले. प्रकाशाच्या वेगाला या वारंवारतेने भागले, की तरंगलांबी सुमारे ३३ सेंटिमीटर येते. जीएसएम पद्धतीत एका वाहिनीला ०.२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा लागतो व तीवर आठ संभाषणे चालतात. समजा, कंपनीला ६ मेगाहर्ट्झ मिळाले. मग वाहिन्या ३० आणि एका वेळी संभाषणे जास्तीत जास्त २४० ! म्हणून शहराचे लहान लहान भाग, म्हणजे ‘सेल’, पाडतात आणि त्याच लहरी पुरेशा अंतरावरच्या सेलमध्ये पुन्हा वापरतात. तरीही पट्टा मर्यादितच राहतो. म्हणून त्याची वाटणी करावी लागते.

वाटणी आली की वेस आली. आमच्या वटार गावाहून मुंबई काही फार दूर नाही. पण वसई भागाचा टेलिफोन संकेतांक ०२५० आणि मुंबईचा ०२२. लहरींना अशी वेस ठाऊक नसते, परवान्याला मात्र असते. त्याला मुदतही असते. सुरुवातीची दहा वर्षांची मुदत १९९९ च्या धोरणानंतर वीस वर्षांची झाली.

२००९ मध्ये बीपीएल मोबाइलचे नाव ‘लूप मोबाइल’ झाले. फेब्रुवारी २०१४ मध्ये सरकारने मुंबईच्या ९०० मेगाहर्ट्झ पट्ट्याचा लिलाव केला. त्यात लूपने भाग घेतला नाही. ग्राहक व यंत्रणा एअरटेलला विकण्याचा सुमारे ७०० कोटी रुपयांचा व्यवहारही नोव्हेंबरात मोडला. त्याच महिन्याच्या अखेरीस परवाना संपला आणि सेवा थांबली. मनोरे जागच्या जागी होते, लहरींचे नियमही तेच होते. संपला तो लहरी वापरण्याचा हक्क. २०११ पासून देशभर क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय झालेली होती, म्हणून ग्राहकांना आपले जुने क्रमांक दुसरीकडे नेता आले.

हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्येच, प्रसारणासंबंधीच्या एका खटल्यात, सांगितले होते. वर्गात वारंवारता शिकवताना हेही सांगावे, असे आम्हांला वाटते. नदीचे पाणी कोणाचे, हा प्रश्न मुलांना कळतो. लहरी कोणाच्या, हाही त्याच जातीचा प्रश्न आहे.