अपंगांच्या चळवळीतील भावनिक आधार आणि राजकीय संघर्ष : बर्कली ते सॅन फ्रान्सिस्को (१९६२–१९७७)

प्रस्तावना :
सभासदांचे दुःख ऐकून त्यांना धीर देणे हे आपले मुख्य कार्य, की कायदा व शासनव्यवस्था बदलण्यासाठी लढणे हे? अपंगांच्या संघटनांपुढे हा प्रश्न वारंवार उभा राहतो. केवळ आधार दिला तर संघटना सांत्वनापुरती उरते. केवळ लढा दिला तर थकलेली माणसे मागे पडतात. अमेरिकेतील स्वतंत्र जीवन चळवळीच्या पहिल्या पंधरा वर्षांच्या आधारे प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

रुग्णालयातील निवास :
या चळवळीचा एक महत्त्वाचा उगम विद्यापीठात आहे. पोलिओमुळे मानेखालचे शरीर लुळे पडलेले एड रॉबर्ट्स यांना १९६२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत प्रवेश मिळाला. रात्री त्यांना ‘आयर्न लंग’ या अवजड श्वसनयंत्रात झोपावे लागे. वसतिगृहात ती सोय नसल्याने त्यांना विद्यापीठाच्या कॉवेल रुग्णालयात ठेवण्यात आले. पुढील काही वर्षांत तीव्र अपंगत्व असलेले आणखी विद्यार्थी तेथे राहावयास आले. एकाची अडचण ही आपलीही अडचण आहे, हे त्यांना सहवासातून उमगले. जिना चढता न येणे हा शरीराचा दोष नसून इमारतीचा दोष आहे, हा विचार तेथे रुजला. ‘रोलिंग क्वाड्स’ हा त्यांचा गट विद्यापीठाकडे मागण्या करू लागला.

१९७२ मध्ये बर्कली शहरात ‘सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग’ची स्थापना झाली. मदतनीस मिळवून देणे, चाकाच्या खुर्च्या दुरुस्त करणे आणि समुपदेशन ही या केंद्राची कामे होती. समुपदेशक स्वतः अपंग असे, हे त्याचे वैशिष्ट्य होय. त्यामुळे सांगणारा व ऐकणारा यांच्यात उपकारकर्ता आणि उपकृत असे नाते राहिले नाही.

कलम ५०४ चा लढा :
१९७३ च्या पुनर्वसन कायद्यातील कलम ५०४ ने केंद्र शासनाचा निधी घेणाऱ्या संस्थांना अपंगत्वाच्या कारणावरून भेदभाव करण्यास मनाई केली. तथापि अंमलबजावणीचे नियम रखडले. अखेर ५ एप्रिल १९७७ रोजी अनेक शहरांत आरोग्य, शिक्षण व कल्याण खात्याच्या कार्यालयांत धरणे सुरू झाले. अन्न रोखले गेल्याने वॉशिंग्टनमधील धरणे दुसऱ्याच दिवशी संपले. सॅन फ्रान्सिस्कोत मात्र जुडिथ ह्यूमन, किटी कोन आदींच्या नेतृत्वाखाली शंभराहून अधिक लोक तीन आठवड्यांहून अधिक काळ इमारतीत ठाण मांडून होते.

हा फरक कशामुळे पडला? बाहेरून मिळालेली मदत हे त्याचे एक कारण. ब्लॅक पँथर पक्षाने धरणेकऱ्यांना गरम जेवण पुरविले. त्या पक्षाचे ब्रॅड लोमॅक्स स्वतः चाकाच्या खुर्चीत बसून धरण्यात सहभागी होते आणि त्यांचे सहकारी चक जॅक्सन त्यांची तसेच इतरांचीही शुश्रूषा करीत. दुसरे कारण आतले होते. रात्री कुणाला कुशीवर वळवायचे, कुणाला भरवायचे, औषधे थंड कशी ठेवायची, ही कामे धरणेकऱ्यांनीच आपसांत वाटून घेतली. दूरध्वनी तोडले गेले तेव्हा कर्णबधिर धरणेकऱ्यांनी खिडकीतून खुणांच्या भाषेत बाहेर निरोप पोहोचविले. २८ एप्रिल रोजी मंत्री जोसेफ कॅलिफॅनो यांनी नियमांवर स्वाक्षरी केली. शुश्रूषा ही येथे लढ्यातील विश्रांती नव्हती. लढा किती दिवस टिकणार हे तिच्यावर अवलंबून होते.

दोन्ही बाजूंचे धोके :
ब्रिटनचा अनुभव येथे उद्बोधक ठरतो. पॉल हंट यांच्या १९७२ मधील आवाहनातून ‘युनियन ऑफ द फिजिकली इम्पेअर्ड अगेन्स्ट सेग्रिगेशन’ ही संघटना उभी राहिली. शारीरिक न्यूनता वेगळी आणि समाजाने लादलेले अपंगत्व वेगळे, हा भेद तिने १९७६ मध्ये स्पष्टपणे मांडला. या मांडणीने चळवळीला बळ दिले. परंतु वेदना, थकवा, भीती यांविषयी बोलणे तिच्यात दुय्यम ठरले. जेनी मॉरिस यांनी १९९१ मध्ये ‘प्राइड अगेन्स्ट प्रेज्युडिस’ या ग्रंथात अपंग स्त्रियांच्या अनुभवाच्या आधारे व्यक्तिगत अनुभवाला राजकारणात स्थान देण्याची गरज प्रतिपादन केली.

अमेरिकेत धोका उलट दिशेचा होता. १९७८ च्या दुरुस्तीने स्वतंत्र जीवन केंद्रांना केंद्रीय निधीची वाट मोकळी झाली. ज्या शासनाविरुद्ध उभे राहायचे त्याच शासनाच्या अनुदानावर सेवा चालवायच्या, हा पेच तेव्हापासून या केंद्रांपुढे आहे.

निष्कर्ष :
आधार आणि संघर्ष यांचा समतोल म्हणजे वेळेची निम्मी-निम्मी वाटणी नव्हे. एकाचे दुःख दुसऱ्याने ऐकावे, त्यातून समान कारण शोधावे आणि त्या कारणाची मागणी करावी, ही वाट मोकळी राहणे म्हणजे समतोल. ती तुटली की एकीकडे केवळ दया उरते, दुसरीकडे केवळ घोषणा. भारतात २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखून ठेवणे बंधनकारक केले आहे. हे विद्यार्थी वर्गात आल्यावर महाविद्यालय त्यांची केवळ विचारपूस करणार, की जिन्याविषयीची त्यांची तक्रार व्यवस्थापनापर्यंत त्यांनाच नेऊ देणार, हे प्राध्यापकांच्या भूमिकेवरही अवलंबून राहील.